प्रमाणपत्र कशाचं प्रमाण?

ड्रॅग रेसिंगचं आणि नंदुरबारचं काय नातं, असं तुमच्या मनात आलं असेल. रास्त आहे. ही शर्यत आपल्याकडे होत नाही. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘द व्हॅली रन’ भरते. सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर. दिवा हिरवा झाला की सुटायचं. पण मला आज शर्यतीवर बोलायचं नाही, तिच्या एका कागदावर बोलायचं आहे. गाडीच्या सांगाड्याचं प्रमाणपत्र. त्या शब्दात ‘प्रमाण’ आहे, आणि तो आमच्या घरचा शब्द.

अमेरिकेत एनएचआरए ही या खेळाची मोठी संस्था. पाव मैल ९.९९ सेकंदांत किंवा त्याहून लवकर कापणाऱ्या गाडीचा सांगाडा सहसा तपासून घ्यावा लागतो, मग स्टिकर मिळतं. चालकाभोवतीच्या पिंजऱ्याचा पाइप साध्या पोलादाचा असेल तर त्याची जाडी ०.११८ इंच हवी. क्रोमोली पोलादाचा असेल तर ०.०८३ चालते. पातळ चालते, कारण माल जास्त ताकदीचा. पण मग जोड आर्गन वेल्डिंगनेच करायचा. साध्या पोलादाला आपल्याकडे ज्याला सीओटू वेल्डिंग म्हणतात, तसलंही चालतं. क्रोमोलीचं दुखणं असं की जोडाशेजारचा भाग झटकन थंड झाला तर ठिसूळ होतो. तडा मग जोडात नाही, जोडाच्या कडेला जातो.

आता दोन मनाया बघा. सांगाड्याला क्रोम प्लेटिंग करायचं नाही, कारण त्या प्रक्रियेत हायड्रोजन पोलादात शिरून ते ठिसूळ करू शकतो. आणि जोडावर ग्राइंडर मारायचा नाही. घासलं की जोड बारीक होतो, हे एक. पण मला भावतं ते दुसरं. जोड जसा झाला तसा दिसला पाहिजे. आपल्याकडे उलट. घासायचं, पुटी भरायची, रंग मारायचा, आणि त्याला म्हणायचं ‘फिनिशिंग’. तपासणाऱ्यासाठी प्रत्यक्षाचा दरवाजाच बंद!

इथवर कौतुक. आता टीका. तपासनीस ध्वनिलहरींच्या यंत्राने पाइपची जाडी मोजतो आणि जोड डोळ्यांनी बघतो. वितळलेला धातू आत किती उतरला, हे डोळ्यांना दिसत नाही. तिथे तो अनुमान करतो: जोड सुबक आहे, म्हणजे पक्का असणार. धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती पक्की. सुबक तिथे पक्का, ही नाही. वरून देखणा आणि आतून नुसता चिकटलेला जोड कुठल्याही वेल्डरने पाहिलेला असतो. तेव्हा स्टिकरमध्ये प्रत्यक्ष थोडं, अनुमान बरंच, आणि बाकी सगळा शब्द, म्हणजे वेल्डरचा शब्द.

शब्दावर विश्वास कधी ठेवावा? वात्स्यायनाने न्यायभाष्यात आप्ताचं लक्षण सांगितलं आहे. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. पुढे तो म्हणतो, हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेच्छ सर्वांना सारखंच. म्हणजे शिक्का आप्त करत नाही. कांडी धरणारा पोरगा आप्त असू शकतो, आणि न बघता सही करणारा अधिकारी नसतो.

आणखी एक गोष्ट. सप्टेंबर २००७ मध्ये टेक्ससमधल्या एनिस इथे जॉन फोर्स या नामवंत चालकाच्या गाडीचे अपघातात दोन तुकडे झाले. तो वाचला, पण हातापायांना जबर दुखापत झाली. त्यानंतर सांगाड्यांच्या नियमांचा नव्याने विचार झाला. याचा अर्थ, नियम पाळूनही गाडी मोडू शकते, कारण नियमालाच जे ठाऊक नसतं ते कागदाला कुठून ठाऊक असणार? म्हणून कागदाला मुदत हवी, आणि नियमालाही.

आता घरी येऊ. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस मालकाचं सगळं ऐकून घेतो, आणि मग घोड्याचं तोंड उघडून दात बघतो. त्याचे पैसे आहेत, त्याला बघायचा हक्क आहे. शर्यतीतला चालकही आपल्या पिंजऱ्याचा जोड वाकून बघू शकतो. पण दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला निघालेलं कुटुंब ट्रॉलीत बसतं, तेव्हा हुकाचा जोड कोण बघतं? जीव त्यांचा, कागद दुसऱ्याचा, आणि जोड रंगाखाली.

माझा आक्षेप प्रमाणपत्राला नाही. ज्याचा जीव जोडावर टांगलेला आहे त्याला जोड दाखवत नाही, अशा प्रमाणपत्राला आहे. उद्या रस्त्यात ट्रॉली उभी दिसली तर कागद मागण्याआधी खाली वाका आणि जोड बघा. रंगाखाली गेलेला असेल, तर कुणी केला ते विचारा. प्रश्न असतील तर आता घेऊ.