सिन्नर : स्थलनाम, वास्तू आणि स्थानिक इतिहासाची परिभाषा

तालुक्याच्या गावाचा इतिहास लिहिण्याची एक ठराविक पद्धत महाराष्ट्रात रूढ झालेली आहे. आरंभी गावाच्या नावाची व्युत्पत्ती, नंतर एखादी आख्यायिका, त्यानंतर 'हेमाडपंती' देवालयाचे वर्णन आणि शेवटी गावातील कर्त्या पुरुषांची नामावली, असा हा साचा आहे. स्मरणिका असो वा मार्गदर्शिका, तो सहसा मोडत नाही. या लेखनामागील गावाविषयीची आस्था खरी असते. तिच्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु या साच्यातील शब्द पारखून घेतले जात नाहीत आणि पुष्कळदा पुराव्याची जागा शब्दच घेतो. नाशिक-पुणे मार्गावरील सिन्नर हे या दृष्टीने तपासण्याजोगे उदाहरण आहे. कारण तेथे नाव, आख्यायिका आणि वास्तू ही तिन्ही एकमेकांसमोर ठेवून पाहता येतात.

प्रथम नावाचा विचार करावा. यादव घराण्याच्या दुसऱ्या सेउणचंद्राच्या शके ९९१ (इ. स. १०६९) च्या ताम्रपटात 'सिंदिनेर' असे रूप येते. यातील 'नेर' हे 'नगर' शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप होय. गकाराचा लोप, यश्रुती आणि 'अय'चा 'ए' अशा क्रमाने 'नगर, नयर, नेर' ही परंपरा सरळ लागते. संगमनेर, पारनेर, अंमळनेर, पिंपळनेर, जामनेर या नावांत ती स्पष्ट दिसते. पूर्वपद 'सिंदी' म्हणजे आजची शिंदी, हे मानण्यास अडचण नाही. पिंपळनेरासारख्या नावात वृक्षवाचक पूर्वपद आहेच. मधला ऱ्हस्व इकार गळाला, दकार शेजारच्या दोन नकारांत विरून गेला आणि 'सिन्नर' हे रूप सिद्ध झाले. जुन्या नगराचे नाव म्हणून 'जुन्नर' झाले, त्याचीही घडण अशीच आहे. पूर्वपदाच्या अखेरीस नकार असला की उत्तरपदाचा एकार दुबळा होतो, असे या जोडीवरून म्हणता येते. मराठीत इकारापूर्वीचा सकार सहसा तालव्य होतो. 'सिन्नर' या रूपात तो झाला नाही, याचे श्रेय लेखनपरंपरेला द्यावे लागेल.

स्थानिक लेखनात मात्र 'सेउणपुर' यापासून 'सिन्नर' झाले, असे आग्रहाने सांगितले जाते. येथे दोन प्रश्नांची गल्लत झालेली आहे. सेउणचंद्राने वसविलेले सेउणपुर हे सिन्नरच होय, असे मत अभ्यासकांनी मांडलेले आहे. तो स्थलनिश्चितीचा प्रश्न आहे. एका स्थळास दोन नावे असू शकतात. परंतु त्यामुळे एक नाव दुसऱ्यापासून निघाले असे होत नाही. स्वरमध्यगत एकेरी णकार मराठीत णकारच राहतो. 'जन'चा 'जण' आणि 'घन'चा 'घण' झाला तो याच नियमाने. 'सेउण' शब्दातून दुहेरी नकार निघावयाचा कसा? 'श्रीनगर' या नावाचीही तीच गत. हेमाद्रीच्या व्रतखंडातील यादवप्रशस्तीत राजधानी म्हणून ते येते खरे. पण पंडिताने केलेल्या संस्कृतीकरणास मूळ रूप समजणे म्हणजे वारसदारालाच पूर्वज म्हणण्यासारखे आहे.

आख्यायिकेच्या बाबतीत मात्र नेमके उलट घडले आहे. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई गॅझेटिअरच्या नाशिक खंडात, राव शिंगुणी नावाच्या गवळी राजाने सिन्नर वसविले आणि त्याचा पुत्र राव गोविंद याने दोन लक्ष रुपये खर्चून मोठे देवालय बांधले, अशी लोककथा नोंदलेली आहे. पुढील लेखकांनी ती अडाणीपणाची म्हणून टाकून दिली, किंवा शिंगुणी म्हणजे सेउण असे ठरवून तिची सोय लावली. ध्वनिदृष्ट्या 'शिंगुणी' हे 'सेउण'पेक्षा 'सिंघण' या नावाला कितीतरी जवळचे आहे. शिखर शिंगणापूरचे नावही परंपरा सिंघणाशीच जोडते. सिंघण हे यादव राजांचे नाव आहे, आणि यादवांना गोपाळकुलाचे मानणारी लोकस्मृती 'गवळी राजा' म्हणते यात नवल नाही. सिंघणाने गाव वसविले असे यावरून म्हणता येत नाही, कारण गावाचे नाव १०६९ मध्येच लेखात आहे आणि या नावाचा पहिला राजा त्यानंतरचा. लोककथा शतके एकमेकांत मिसळते, नावे मात्र जपून ठेवते. दोन लक्ष रुपयांचा आकडा सोडून द्यावा. नाव सोडू नये.

'राव गोविंद' हेही असेच उपयोगी नाव आहे. देवालयाचे प्रचलित नाव 'गोंदेश्वर' हे 'गोविंदेश्वर' याचे बोलीरूप. गोविंदाचा 'गोंद्या' आजही घराघरांत होतो. निर्मात्याच्या नावास वा बिरुदास 'ईश्वर' जोडून शिवालयाचे नाव ठेवण्याची रीत यादवांच्या काळी होती. दुसऱ्या भिल्लमाचे बिरुद 'विजयाभरण', आणि शके ९२२ (इ. स. १०००) च्या संगमनेर ताम्रपटातील शिवालय 'विजयाभरणेश्वर'. तेव्हा कोणी एक गोविंद या देवालयामागे असला पाहिजे, एवढे नावावरून निघते. त्याला राजपुत्र करणे हे कथेचे काम आहे.

सर्वांत मोठा घोटाळा 'हेमाडपंती' या शब्दाने केला आहे. 'हेमाद्रि पंडित' याचे 'हेमाडपंत' झाले आणि त्यापासून विशेषण सिद्ध झाले. हेमाद्रि हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला पुरुष. परंपरेने मोडी लिपीचे आणि बाजरीचेही श्रेय त्याच्या पदरात टाकले आहे. देवालयांचे टाकले यात आश्चर्य नाही. गॅझेटिअरच्या जिल्हाखंडांनी हा लोकशब्द उचलला आणि छापील पानावर येताच तो कालनिर्णय होऊन बसला. चुन्याविना घडीव चिरे एकमेकांत बसवून केलेले बांधकाम, एवढाच त्याचा बोलीतील अर्थ आहे आणि त्या अर्थाने शब्द चांगला आहे. गवंड्याच्या पद्धतीचे नाव मंत्र्याच्या कारकिर्दीची तारीख होऊ शकत नाही.

गोंदेश्वराची वास्तू तर या तारखेच्या विरुद्ध साक्ष देते. प्राकाराच्या आत उंच जोत्यावर मध्यभागी मुख्य शिवालय, समोर नंदिमंडप आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवालये, असे हे काळ्या दगडातील पंचायतन आहे. मुख्य शिखर भूमिज जातीचे. चारी दिशांना पायापासून माथ्यापर्यंत जाणाऱ्या लता आणि त्यांच्या मधल्या भागांत ओळीने वर चढत, लहान होत जाणारी शिखरके, हे त्या जातीचे लक्षण. ही संज्ञा भोजाच्या नावावर असलेल्या समरांगणसूत्रधारात येते. याच जातीचे अंबरनाथाचे देवालय शके ९८२ (इ. स. १०६०) च्या शिलालेखाने निश्चित झालेले आहे आणि माळव्यातील उदयपूरचे उदयेश्वर त्याच शतकातील आहे. हेन्री कझिन्स यांच्या १९३१ च्या दख्खनमधील मध्ययुगीन देवालयांवरील ग्रंथात सिन्नर व अंबरनाथ ही दोन्ही येतात. तो ग्रंथ उपलब्ध असूनही स्थानिक लेखनात 'हेमाडपंती, तेरावे शतक' हे शब्द पुन्हा पुन्हा उतरवले जातात. अशा लेखनाने सिन्नरचा मोठेपणा वाढत नाही, उलट कमी होतो. कारण देवगिरी राजधानी होण्यापूर्वी सेउणदेशात, गोदावरीच्या दक्षिणेस, माळव्याच्या शिल्पपद्धतीशी परिचित असलेले कारागीर काम करीत होते, हा खरा इतिहास त्या एका विशेषणाखाली झाकला जातो.

गावातील दुसरे प्राचीन शिवालय 'आयेश्वर' हे होय. त्यास 'ऐश्वर्येश्वर' असेही म्हणतात. दुसरे रूप सार्थ आणि प्रतिष्ठित आहे, म्हणूनच ते संशयास्पद आहे. यादव ऐरम्मदेवाशी त्याचा संबंध जोडावयाचा असल्यास 'आयेश्वर' हेच रूप हाती ठेवावे लागेल. 'ऐश्वर्य' मान्य करताच ती वाट बंद होते. जोडण्यासाठीही मधल्या 'रम्म' या अक्षरांचा लोप दाखवावा लागेल आणि तो जुन्या दस्तऐवजांतील किंवा वृद्धांच्या तोंडच्या रूपांवरूनच दाखविता येईल. पाटीवर एकच संस्कारित नाव कोरण्यापूर्वी ही रूपे टिपून घेणे आवश्यक आहे.