संशोधनासाठी वेगळे एमआरआय कशाला?

रुग्णांचीच रांग संपत नाही, मग संशोधनासाठी वेगळे एमआरआय यंत्र कशाला, हा आक्षेप वरवर रास्त वाटतो. पण शिरूर-दौंडच्या शाळांत मुलांची उंची दरवर्षी वेगळ्या पट्टीने मोजली, तर वाढ किती आणि पट्टीची चूक किती, हे कसे कळणार? अल्झायमरमध्ये मेंदूचा 'हिप्पोकॅम्पस' हा भाग वर्षाला काही टक्केच आक्रसतो. यंत्राची जुळणी बदलली की एवढा फरक चुकीतच हरवतो. शिवाय तातडीचा रुग्ण आला की संशोधनाची वेळ जाते; ते योग्यच आहे.

कल्पनाही नवी नाही. दिल्लीच्या 'इन्मास' या संरक्षण-संशोधन संस्थेत १९८६ सालीच एमआरआय आले.

मात्र यंत्र घेतले की संशोधन होते, असे नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोच्या माजी सैनिक रुग्णालयातील मायकेल वायनर यांच्या नेतृत्वाखाली २००४ साली अल्झायमरचा एक मोठा प्रकल्प सुरू झाला. त्यात अनेक केंद्रांतील यंत्रे ठरावीक मापाच्या नमुन्यावर ताडून पाहिली गेली आणि माहिती जगभरच्या संशोधकांना खुली झाली.

उद्या पुण्याच्या लष्करी रुग्णालयात असे यंत्र घ्यायचे ठरले, तर चुंबक किती टेस्लाचा हे नंतर विचारावे. आधी विचारावे : जुळणी कोण तपासणार आणि माहिती कोणाला मिळणार?