स्तनकर्करोगाची बालपणातील मुळे : एका गृहीतकाची चिकित्सा

प्रस्तावना

स्तनाचा कर्करोग हा प्रौढ वयाचा आजार असल्याने त्याची कारणेही प्रौढ वयातच शोधावीत, अशी धारणा दीर्घकाळ रूढ होती. ब्रिटिश वैद्य जॅनेट लेन-क्लेपन यांनी १९२६ मध्ये स्तनकर्करोग झालेल्या सुमारे ५०० स्त्रियांची तो न झालेल्या तितक्याच स्त्रियांशी तुलना केली. तेव्हापासून विवाहाचे वय, अपत्यांची संख्या, स्तनपान या गोष्टींवर संशोधकांचे लक्ष केंद्रित झाले. १९९० मध्ये दिमित्रिओस ट्रिकोपोलस यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात वेगळाच प्रश्न उपस्थित केला : या रोगाचा उगम मातेच्या उदरातच होत असेल काय? गर्भावस्थेत इस्ट्रोजेनसारख्या संप्रेरकांचे प्रमाण अधिक असल्यास पुढे रोगास बळी पडू शकणाऱ्या पेशींची संख्या वाढत असावी, असे त्यांचे गृहीतक होते. पुढे या विचाराची व्याप्ती बालपण व कुमारवयापर्यंत वाढली. या विचारामागील पुरावा कितपत भक्कम आहे आणि भारतीय संदर्भात त्याचे उपयोजन कोणत्या मर्यादेत करावे, याची चिकित्सा येथे केली आहे.

सबळ पुरावा : किरणोत्सर्ग आणि औषध

या गृहीतकाचा सर्वांत भक्कम आधार दुर्दैवाने हिरोशिमा व नागासाकी येथून मिळतो. १९४५ च्या अणुबॉम्बहल्ल्यांतून वाचलेल्यांच्या दीर्घकालीन पाहणीत असे आढळले, की विशीच्या आत किरणोत्सर्गाला सामोऱ्या गेलेल्या मुलींमध्ये पुढे स्तनकर्करोगाचा सापेक्ष धोका सर्वाधिक वाढला. दहा वर्षांखालील, म्हणजे स्तनांची वाढ सुरूही न झालेल्या मुलींतही हा परिणाम दिसला. रोग मात्र एरवी ज्या वयात होतो, त्याच वयात प्रकट झाला. इजा बालपणी आणि आजार चाळिशी-पन्नाशीत, हा क्रम येथे स्पष्ट दिसतो. कुमारवयात हॉजकिनच्या आजारासाठी छातीवर किरणोपचार घेतलेल्या मुलींच्या बाबतीतही हाच अनुभव आला.

दुसरा आधार डायएथिलस्टिल्बेस्ट्रॉल या कृत्रिम इस्ट्रोजेनचा आहे. गर्भपात टळावा म्हणून अमेरिकेत १९४० च्या दशकापासून १९७१ पर्यंत ते गर्भवतींना दिले जात असे. २००६ मधील अमेरिकी अहवालानुसार, गर्भात या औषधाच्या संपर्कात आलेल्या मुलींना चाळिशीनंतर स्तनकर्करोग होण्याचे प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट होते. नेदर्लंड्समधील पाहणीत मात्र अशी स्पष्ट वाढ आढळली नाही. म्हणून हा पुरावा महत्त्वाचा असला, तरी किरणोत्सर्गाच्या पुराव्याइतका निर्विवाद नाही.

‘केव्हा’ या प्रश्नाचे सामर्थ्य आणि धोका

डीडीटीचे उदाहरण या संदर्भात उद्बोधक आहे. १९९० च्या दशकात प्रौढ स्त्रियांच्या रक्तातील डीडीटीचे अवशेष मोजणाऱ्या बहुतेक अभ्यासांत स्तनकर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झाला नाही आणि प्रश्न निकालात निघाल्यासारखा वाटला. २००७ मध्ये बार्बरा कोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील स्त्रियांच्या, डीडीटीचा वापर चालू असताना १९५९ ते १९६७ या काळात साठवलेल्या रक्तनमुन्यांचा आधार घेतला. १९४५ मध्ये, म्हणजे डीडीटीचा सार्वत्रिक वापर सुरू झाला तेव्हा, चौदा वर्षांखालील असलेल्या ज्या स्त्रियांत डीडीटीचे प्रमाण अधिक होते, त्यांना पन्नाशीपूर्वी रोग होण्याचा धोका सुमारे पाचपट आढळला. त्याहून मोठ्या वयाच्या स्त्रियांत असा संबंध दिसला नाही. संपर्क ‘कशाचा’ एवढेच नव्हे, तर ‘केव्हा’ हेही विचारले पाहिजे, हा या अभ्यासाचा मोलाचा धडा होय.

तथापि या युक्तिवादाला दुसरी बाजू आहे. प्रत्येक नकारात्मक निष्कर्षावर ‘मोजणी चुकीच्या वयात झाली’ एवढेच उत्तर दिले जाऊ लागले, तर गृहीतक कधीच खोडता येणार नाही; आणि जे खोडता येत नाही, ते शास्त्रीय गृहीतक राहत नाही. शिवाय कोन यांच्या मूळ अभ्यासातील रुग्णसंख्या केवळ १२९ होती. एवढ्या लहान संख्येवरून काढलेला ‘पाचपट’ हा आकडा अंतिम मानता येत नाही.

जन्मवजन, वाढ आणि ऋतुप्राप्ती

किरणोत्सर्गासारख्या आघाताकडून शरीराच्या स्वाभाविक वाढीकडे वळताच पुराव्याचे स्वरूप बदलते. २००८ मध्ये ३२ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात जन्मनोंदींवर आधारलेल्या माहितीनुसार जन्मवजनातील प्रत्येक अर्ध्या किलोच्या वाढीमागे धोका सुमारे ६ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. स्त्रियांनी स्वतः आठवून सांगितलेल्या जन्मवजनावर विसंबलेल्या अभ्यासांत मात्र हा संबंध आढळला नाही. ६ टक्के हा आकडाही समजून घ्यावा लागतो. शंभर स्त्रियांपैकी तिघींना आयुष्यभरात हा रोग होतो असे उदाहरणादाखल मानले, तर ६ टक्के वाढीनंतर तो आकडा ३.१८ होतो. सापेक्ष वाढ आणि प्रत्यक्ष धोका यांतील हे अंतर लोकप्रिय लेखनात सहसा सांगितले जात नाही.

२००४ मध्ये सुमारे १ लाख १७ हजार डॅनिश स्त्रियांच्या शालेय आरोग्यनोंदींवरून झालेल्या अभ्यासात अधिक जन्मवजन, चौदाव्या वर्षी अधिक उंची आणि लवकर झालेली जलद वाढ यांचा धोक्याशी संबंध दिसला. याच अभ्यासात चौदाव्या वर्षी सडपातळ असलेल्या मुलींना पुढे धोका अधिक होता. दुसरीकडे, २०१२ मधील ११७ अभ्यासांच्या विश्लेषणानुसार ऋतुप्राप्ती एक वर्ष लवकर झाल्यास धोका सुमारे ५ टक्क्यांनी वाढतो. आणि स्थूल मुलींना ऋतुप्राप्ती सहसा लवकर होते. एकाच स्थूलतेचे दोन परिणाम परस्परविरुद्ध दिशांना जातात. यावरून ‘मुलींचे वजन असे ठेवा’ असा सोपा सल्ला निघत नाही.

भारतीय संदर्भ

पाश्चात्त्य मोजपट्टी येथे जशीच्या तशी लावणे धोक्याचे आहे. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासात पूर्ण दिवसांच्या बालकांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो आढळले. युरोपातील बालकांचे त्याहून बरेच अधिक असते. ‘जन्मवजन कमी, तर कर्करोगही कमी’ असा निष्कर्ष येथे कोणी काढला, तर तो अनर्थकारक ठरेल. कमी जन्मवजनाचा संबंध अर्भकमृत्यूशी, तसेच पुढे होणाऱ्या मधुमेह व हृदयविकाराशी आहे. एका आजाराचा अल्पसा धोका टाळण्यासाठी मातेच्या पोषणाशी तडजोड समर्थनीय ठरत नाही.

मुंबईत १९६० च्या दशकापासून, तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी चालू झाली. बार्शी परिसरात स्तनकर्करोगाचे प्रमाण मुंबईच्या तुलनेत बरेच कमी नोंदले गेले आहे. या तफावतीचे स्पष्टीकरण बहुधा उशिराचे मातृत्व व कमी अपत्ये यांतून दिले जाते. बालपणीचे पोषण, उंची व ऋतुप्राप्तीचे वय यांचा त्यात किती वाटा आहे, हे केवळ नोंदणीवरून कळू शकत नाही; कारण नोंदणी रोगाचा आरंभ निदानाच्या दिवसापासून धरते. जन्मनोंदी, शालेय आरोग्य तपासणी आणि कर्करोग नोंदणी यांची सांगड घातल्याशिवाय हा प्रश्न भारतीय पुराव्यानिशी सुटणार नाही.

समारोप

बालपणातील प्रभावांचे गृहीतक किरणोत्सर्गाच्या बाबतीत सिद्ध, संप्रेरकसदृश औषधे व रसायनांच्या बाबतीत विचारार्ह आणि स्वाभाविक वाढीच्या बाबतीत सौम्य व गुंतागुंतीचे आहे. या तीन पातळ्या एकत्र मिसळल्या, की रोगाचा ठपका मातेच्या आहारावर किंवा मुलीच्या शरीरावर ठेवला जातो. वस्तुतः सबळ पुरावा ज्या गोष्टींकडे बोट दाखवतो, त्या बॉम्ब, औषध, किरणोपचार आणि कीटकनाशक या आहेत. त्यांपैकी एकही निवड त्या मुलींनी केलेली नव्हती. म्हणून या संशोधनातून निघणारे कर्तव्य प्रामुख्याने सार्वजनिक आहे : अनावश्यक किरणसंपर्क टाळणे आणि औषधे व रसायने वापरात आणण्यापूर्वी पुढील पिढीवरील परिणाम तपासणे.

ज्यांचे बालपण केव्हाच सरले आहे, त्या स्त्रियांसाठी मार्ग लवकर निदानाचा आहे. मुंबईत सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे चाललेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या साध्या हस्ततपासणीमुळे पन्नाशी व त्यापुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले; सर्व वयोगट मिळून दिसलेली घट मात्र सांख्यिकीयदृष्ट्या निर्णायक नव्हती. रोगाची मुळे बालपणात असली, तरी त्याचा शेवट तेथेच ठरलेला नसतो, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.