३० टक्क्यांची फूटपट्टी

घरभाडं किती असावं, असं विचारलं की एक ठरलेलं उत्तर येतं: उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत. हा काही निसर्गनियम नव्हे. अमेरिकेत १९६९ साली सरकारी घरांतल्या भाडेकरूंकडून उत्पन्नाच्या २५ टक्क्यांहून जास्त भाडं घेऊ नये असं ठरलं, १९८१ मध्ये त्याचे ३० झाले. सरकारने स्वतःला घालून घेतलेली ती मर्यादा. आज ती कुणाच्याही घराला लावून 'परवडतं' किंवा 'परवडत नाही' असा निकाल दिला जातो. भाडं कोणतं आणि उत्पन्न कोणतं, यावर अर्थशास्त्रज्ञ भांडतात. आमचा आक्षेप वेगळा आहे. ज्याचं उत्पन्न मोजलं, ते कुटुंब म्हणजे कोण?

हिरकणीवाडीत हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. कथेतल्या हिरकणीचं काम गडावर, तान्हं खाली, आणि दरवाजा बंद. पुढे महाड-पोलादपूरच्या कितीतरी बाप्यांचं काम मुंबईच्या गिरण्यांत आणि घर इथं, असंच झालं.

मुंबईतल्या कामगार कुटुंबांच्या खर्चाचा एक सरकारी अहवाल १९२३ साली निघाला. त्यात भाड्याचा वाटा किती? ७.७ टक्के! आपली फूटपट्टी लावा, म्हणजे ते लोक सुखात होते म्हणायचं. पण त्याच अहवालात आहे की ९७ टक्के कुटुंबं एका खोलीत राहत होती. भाडं स्वस्त नव्हतं, खोली आखूड केली होती. आणि 'एकट्या' पुरुषांचा हिशेब त्यात वेगळाच मांडलाय. एकटे कसले? बायको-पोरं गावी नाचणीच्या शेतात, आणि हा गावकीच्या खोलीत भिंतीला ट्रंक लावून, पाळीपाळीने झोपणारा. कारकुनाने त्याला एकटा लिहिलं. भाड्यानेच त्याला एकटा केला होता, हे कुठल्या रकान्यात लिहिणार?

आता गिरण्या गेल्या, पण हिशेब तोच आहे. अकरा महिन्यांचा करार संपला की मालक भाडं वाढवतो, पगार तेवढा वाढत नाही. मग माणूस काय करतो? दिव्याला, विरारला सरकतो आणि भाड्यातली बचत रोज लोकलमध्ये फेडतो. तेही जमेना, तर मुलांना आजीकडे ठेवतो. टक्केवारी पुन्हा ३० वर येते. पाहणीवाला म्हणतो, बघा, भाडं उत्पन्नाच्या प्रमाणातच आहे. अहो, प्रमाण राहिलं कारण कुटुंब कापलं!

आमच्या पुतण्याला आम्ही मागे विचारलं, भाडं झेपतं का रे? "झेपतं की काका," म्हणाला. त्याची मुलगी पहिलीत आहे, गावच्या शाळेत.

पाहणीच्या फॉर्मात एक रकाना वाढवा, एवढंच आमचं मागणं आहे: या घरातलं कोण, भाड्यापायी, दुसरीकडे राहतं?