देवळालीचा ताप

वाङ्मयाच्या मासिकात खाद्यपेयांची चर्चा कशाला, असे काही वाचक विचारतील. त्यांस उत्तर इतकेच की, 'रस' हा शब्द आपल्या काव्यशास्त्रात आला तो स्वयंपाकघरातून. भरताने रसनिष्पत्ती समजावताना दृष्टान्त घेतला तो नाना व्यंजनांनी संस्कारलेल्या अन्नाचा. आणि त्या उपपत्तीतला कळीचा शब्द 'संयोग' हाच आहे. तेव्हा अमुक पदार्थाबरोबर अमुक बिअर, अशी जोडी लावून देणाऱ्या पानगृहाला आम्ही हीच कसोटी लावली तर ते अप्रस्तुत होऊ नये.

बिअर बाटलीतून न येता त्याच छपराखालच्या टाक्यांत आंबते आणि तोटीतून पेल्यात उतरते, ही रीत महाराष्ट्रात आणली ती २००९ साली पुण्यात निघालेल्या 'दूलाली'ने. बिअरीपेक्षा या नावाचीच कथा आम्हांस अधिक रुचकर वाटते. १८६१ साली नाशिकजवळ देवळालीस गोऱ्या शिपायांचा तळ पडला. मुदत संपलेले शिपाई जहाजाची वाट पाहत तेथे उन्हात आणि कंटाळ्यात दिवस काढीत. काही भ्रमिष्ट होत. त्यांच्या तोंडी देवळालीचे रूप पालटले, त्याला आपला 'ताप' चिकटला, आणि 'दूलाली टॅप' म्हणजे डोके फिरणे हा वाक्प्रचार इंग्रजीत रूढ झाला. पुढे या पानगृहाने मुंबईतील शाखांना 'टॅपरूम' म्हटले, तेव्हा तोटीवाचक इंग्रजी शब्दाआड आपला ताप पुन्हा हजर झाला. एक मराठी गावाचे नाव सातासमुद्रांपलीकडे जाऊन वेडे झाले आणि पेला हाती घेऊन घरी परतले!

नाव परतले, चवीचे काय? या पानगृहांच्या मागून आलेल्या कित्येकांनी थायलंड, व्हिएतनाम, जपान या देशांच्या वळणाचे पदार्थ बिअरीशी जोडले आहेत. कल्पना वाईट नाही, पण ती बहुधा अर्ध्यावर सोडलेली असते. मिरचीचा दाह मद्यार्काने आणि फसफसणाऱ्या वायूने वाढतो. हॉपच्या कडूपणाने तो अधिकच बोचतो. झणझणीत थाई कढीशेजारी कडूजहर बिअर ठेवणे हा उघड रसविरोध होय. उलट, धणे आणि नारिंगाची साल घातलेली बेल्जियमच्या वळणाची गव्हाची बिअर घ्या. गवती चहाच्या वासाशी तिचे गोत्र जुळते. गव्हाचा मऊपणा नारळाच्या दुधाला सांभाळून घेतो. येथे खरा संयोग घडतो. पत्रिकेवर मात्र दोन्ही जोड्या सारख्याच थाटाने छापलेल्या असतात.

आमचा मुख्य आक्षेप 'आशियाई' या विशेषणाला आहे. बीड जिल्हा आशिया खंडात मोडत नाही काय? बालाघाटाच्या पठारावर रब्बीची ज्वारी पिकते. तिचे पीठ रात्रभर आंबवून सकाळी शिजविलेली अंबील, वर लसूण-जिरे आणि बाजूला मिरचीचा ठेचा, ही जोडी कोणत्याही पाकशाळेत शिकविली जात नाही. पण आंबटपणाने दाह कसा शमवावा हे तिला पक्के ठाऊक आहे. आणि माल्ट तरी आपणांस परके कोठे? तान्ह्यासाठी नाचणीचे सत्त्व करणारी बाई धान्य भिजविते, मोड आणते, वाळविते, दळते. मद्यकार जवावर हेच संस्कार करतो. दक्षिण आफ्रिकेत तर मोडाच्या ज्वारीची आंबट, गढूळ बिअर पिढ्यान्‌पिढ्या पितात. पुण्याच्याच 'ग्रेट स्टेट'ने कोकम व मीठ घालून बिअर केली, तिचे म्हणूनच आम्हांस अगत्य वाटते. तीत आंबट आणि खारट एकमेकांस धरून आहेत. शिवाय कोकम मागविण्यास बँकॉक गाठावे लागत नाही.

मद्य ते मद्यच, त्याचे कौतुक कसले, असे 'एकच प्याला' पाहून पाणावलेले डोळे म्हणतील. त्यांच्याशी आमचा वाद नाही. आमच्या भागातील अडचण याहून साधी आहे. २०१६ साली मांजरा धरण आटले, लातुरास आगगाडीने पाणी आणावे लागले, आणि त्याच एप्रिलात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्याच्या कारखान्यांचे पाणी कमी करण्याचा आदेश दिला. एका पेल्यामागे कित्येक पेले पाणी खर्ची पडते. कोणी उद्या बीडच्या ज्वारीची बिअर काढलीच, तर जोडी लावताना प्रथम हे पाणी मोजावे लागेल.

तूर्त पुण्यास जाणाऱ्या रसिकांस आमची सूचना एवढीच: कढी नारळाची असेल तर बिअर गव्हाची मागावी, आणि वाढप्याने कडू सुचविली तर ती जेवणानंतर आणावयास सांगावी.