गुपित राखणाऱ्याची जबाबदारी

आज समीक्षेसाठी मी ग्रंथ घेतलेला नाही, एक कायदा घेतला आहे. कायद्यातही युक्तिवाद असतो, गृहीतकं असतात, आणि काही जागा रिकाम्या सोडलेल्या असतात. त्या रिकाम्या जागांबद्दलच मला बोलायचं आहे.

अमेरिकेत नोव्हेंबर २००२ मध्ये होमलँड सिक्युरिटी कायदा झाला. त्याच्याच पोटात ‘क्रिटिकल इन्फ्रास्ट्रक्चर इन्फर्मेशन ॲक्ट’ नावाचा एक छोटा कायदा आहे. त्याच्यापुढची अडचण खरी होती. वीजकेंद्रं, पाणीपुरवठा, धरणं, रसायनांचे कारखाने यांतले कच्चे दुवे सरकारला कळायला हवेत. पण तिकडची पुष्कळशी यंत्रणा खासगी मालकीची आहे. मालक म्हणणार, ‘माझं पंपहाऊस कुठे कमकुवत आहे ते तुम्हाला लिहून दिलं, आणि उद्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली कुणी तोच कागद मागून नेला, किंवा त्याच्याच आधारे माझ्यावर दावा लावला, तर?’ ही भीती खोटी म्हणता येत नाही.

कायद्याने उत्तर दिलं ते असं. माहिती स्वखुशीने द्या, आणि ती संरक्षणाच्या अपेक्षेने देतो आहोत असं स्पष्ट निवेदन सोबत जोडा. खात्याने तपासून शिक्का मारला की ती ‘संरक्षित’ झाली. मग ती माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली मिळत नाही, राज्यांच्या तशाच कायद्यांखालीही मिळत नाही. सद्भावनेने दिलेली असेल तर देणाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय दिवाणी दाव्यात वापरता येत नाही. खात्याच्या कर्मचाऱ्याने जाणूनबुजून फोडली तर दंड, एक वर्षापर्यंत कैद, आणि नोकरी जाते. आज हे काम ‘सिसा’ ही सायबर सुरक्षेची संस्था पाहते.

आता यात तत्त्वज्ञानाचा प्रश्न कुठे येतो? कांटने १७९५ साली शाश्वत शांततेवरच्या निबंधात एक कसोटी दिली. इतरांच्या हक्कांशी संबंधित असलेलं धोरण उघडपणे सांगताच कोसळत असेल, तर ते अन्याय्य समजावं. पण म्हणजे सगळंच उघडं करावं, असं कांट म्हणत नाही. मजकूर गुप्त असणं वेगळं आणि नियम गुप्त असणं वेगळं. प्रश्नपत्रिका गुप्तच असते, पण ती गुप्त ठेवण्याचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो आणि मान्यही असतो, कारण पेपर फुटला तर नुकसान विद्यार्थ्याचंच होतं. या पहिल्या कसोटीला अमेरिकेचा कायदा उतरतो. नियम छापील आहेत, कुणीही वाचावेत.

दुसरी कसोटी अवघड आहे. ही गुप्तता ज्याच्यासाठी आहे म्हणून सांगता, तो माणूस कायद्यात दिसतो का? इथे तीन पक्ष आहेत. माहिती देणारा, राखणारा, आणि धरणाच्या खाली किंवा कारखान्याच्या भिंतीला लागून राहणारा. पहिल्याला संरक्षण मिळालं, दुसऱ्याला शिक्षेचा धाक. तिसरा मात्र कुठेच नाही. कच्चा दुवा कळवल्यावर तो अमुक दिवसांत दुरुस्त करा, असं हा कायदा कुणालाच सांगत नाही. कागद सुरक्षित झाला, पण पंपहाऊस आहे तसंच राहू शकतं!

रिकामी जागा राहिली की तिचा उपयोग करणारे निघतातच. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीकडे जमिनींच्या हद्दींचा डिजिटल नकाशा मागितला गेला. खटला चालू असताना काउंटीने तो नकाशा केंद्राकडे पाठवला, त्यावर संरक्षित म्हणून शिक्का मिळवला, आणि न्यायालयाला सांगितलं की आता देता येत नाही. २००९ मध्ये अपील न्यायालयाने हे मान्य केलं नाही. ही बंधनं माहिती घेणाऱ्यावर आहेत, देणाऱ्याने स्वतःजवळच्या प्रतीसाठी ती ढाल म्हणून वापरू नयेत, असा त्या निकालाचा अर्थ. माझ्या मते न्यायालयाने कायदा बरोबर वाचला. पण ते वाचन करून घ्यायला नागरिकांना कोर्टाची पायरी चढावी लागली, हेही विसरू नये.

आता राखणाऱ्याकडे वळू. सिसाकडेच रासायनिक कारखान्यांसाठी एक वेगळी यंत्रणा होती. तिथे माहिती देणं ऐच्छिक नव्हतं, सक्तीचं होतं. त्या कार्यक्रमाची कायदेशीर मुदत जुलै २०२३ मध्ये संपली, पण कपाट भरलेलंच राहिलं. जानेवारी २०२४ मध्ये ‘इव्हान्टी’ कंपनीच्या एका उपकरणातल्या त्रुटीतून कुणीतरी आत शिरलं. माहिती नेल्याचा पुरावा सापडला नाही असं सिसाने सांगितलं, आणि तरीही संभाव्य धोका म्हणून जूनमध्ये कारखान्यांना कळवलं, हे तिच्या बाजूने नोंदवलं पाहिजे. मात्र सुरक्षा तपासणीसाठी ज्या कामगारांची नावं कारखान्यांनी दिली होती, त्यांचे पत्ते सिसाकडे नव्हते. म्हणून त्यांना कळवायचं काम कारखान्यांवर सोपवावं लागलं. पाहा, तिसरा माणूस पुन्हा यादीबाहेरच! सगळ्यांचे कच्चे दुवे एका कपाटात ठेवले की ते कपाटच नवा कच्चा दुवा होतं.

आपल्याकडे काय आहे? योगायोग असा की त्याच २००२ साली महाराष्ट्राने आपला माहितीच्या अधिकाराचा कायदा केला, आणि २००५ मध्ये देशाचा आला. सुरक्षेचा, व्यापारी गुपितांचा अपवाद त्यातही आहे. पण कलम ८ च्या पोटकलम २ मध्ये एक वाक्य आहे. उघड करण्यातलं सार्वजनिक हित संभाव्य हानीपेक्षा जड असेल तर माहिती देता येते. अधिकारी हा तराजू किती वेळा हातात घेतात, हा वेगळा वाद. पण तराजू ठेवलेला तरी आहे. अमेरिकेच्या त्या कायद्यात या शिक्क्यासमोर असा तराजूच नाही.

म्हणून माझं म्हणणं गुप्ततेच्या विरोधात नाही. गुप्तता हे एक प्रकारचं कर्ज आहे, लोकांकडून विश्वासावर घेतलेलं. कर्जाला मुदत असते. दुरुस्तीची मुदत ठरवा, कपाट रिकामं करण्याची मुदत ठरवा, आणि तिसऱ्या माणसाला निदान एवढं कळू द्या की त्याच्या शेजारचा धोका नोंदला गेला आणि अमुक तारखेला दूर झाला. कुलूप कुठे कच्चं होतं, हे त्याला सांगायची गरज नाही. ते बदललं की नाही, हे विचारायचा हक्क मात्र त्याचा आहे.

प्रश्नांसाठी वेळ ठेवायला हवा, म्हणून इथेच थांबतो.