नमुना सही

रॉक म्हणजे खडक, एवढं इंग्रजी बी.कॉम.ला पुरतं. आणि खडकाचं कौतुक मावळच्या माणसाला कुणी सांगू नये. लोहगड-विसापूर उशाशी घेऊन झोपणारी माणसं आम्ही! तरीही घाटाखालच्या मुंबईत 1984 साली निघालेल्या 'रॉक मशीन' या बँडबद्दल चार शब्द लिहिणं भाग आहे. कारण त्यांच्यापुढचा प्रश्न आमच्या काउंटरवर रोज येतो : सही कुणाची?

त्या काळी आपल्याकडच्या रॉक बँडची थोरवी एकाच मापानं मोजत. परदेशी गाणं किती हुबेहूब वाजवतात? म्हणजे अस्सलबरहुकूम नक्कल, फक्त वर गोल शिक्का नाही. आता तुम्ही म्हणाल, तुमची भजनी मंडळं तरी काय वेगळं करतात? शब्द तुकोबांचेच ना? कबूल! पण आमच्याकडचा बुवा चाल अशी फिरवतो, की तुकोबांनीही वळून बघावं. नक्कल आणि वारसा यांत फरक तो एवढाच.

रॉक मशीनही आधी दुसऱ्यांचीच गाणी वाजवी. पुढे गायक उदय बेनेगल, गिटारवाले महेश तिनईकर आणि मंडळींनी स्वतःची गाणी रचली. 1988 साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' आला. खरं सांगायचं तर त्यात सही आपली, पण वळण अमेरिकन. 1990 च्या 'द सेकंड कमिंग'मध्ये हात जरा मोकळा झाला. 1993 साली तर नावच बदललं : 'इंडस क्रीड'. यंत्र गेलं, सिंधू आली! त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड'ला एमटीव्हीच्या आशियाई प्रेक्षकांचं पारितोषिक मिळालं.

1997 साली खातं बंद. तोवर बाजारात हिंदी पॉपचा पूर आला होता. तेरा वर्षं व्यवहार नाही; मग 2010 साली मंडळी पुन्हा जमली आणि 2012 साली 'इव्हॉल्व्ह' काढला. आमच्या नियमानं एवढ्यात तीनदा नोटीस गेली असती!

माझी तक्रार एकच. गाणी इंग्रजीत राहिली, म्हणून कॉलेजच्या गॅदरिंगला पोचली, कामशेतच्या एस.टी. स्टँडवर नाही. पुण्याच्या 'अग्नी'नं पुढे रॉक हिंदीत गायला, तो त्या मानानं जवळचा वाटतो. पण आपलं गाणं आपण लिहावं, पडलं तर पडलं, ही हिंमत आधी कुणीतरी दाखवावी लागते. रॉक मशीननं ती दाखवली. ठेव मोठी नसेल, पण खातं स्वतःच्या नावाचं होतं.